मोडीचा ऑनलाइन वर्ग: सुरुवात दहा जणांपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षक असलेले एक सर वाचनालयाच्या खोलीत मोडी लिपी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती, शिकवतात. आता बाहेरगावचे, अगदी परदेशातलेही काही मराठी लोक त्यांना ऑनलाइन वर्ग घ्या म्हणून गळ घालताहेत. कुणी म्हणतं आधी चाळीस व्हिडिओ तयार करा, कुणी म्हणतं स्वतःचं ॲप काढा, कुणी मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायची संगणकप्रणाली, बसवून द्यायला तयार आहे. पुतण्याने कॅमेरा, माइक, दिवे यांची यादीही काढून दिली आहे. खर्चाची बेरीज बघून सर थबकलेत आणि विचारताहेत, "नेमकी सुरुवात कुठून करू? किमान काय लागेल?"

सर, मी स्वतः मोडी ऑनलाइन शिकवते आणि इतर विषयांच्या शिक्षकांना त्यांचे वर्ग उभे करायला मदतही करते. सगळ्यात अवघड भाग तुमच्याकडे आधीच आहे. समोर बसलेल्या माणसाला मोडी वाचतं करण्याची हातोटी तुम्हाला आहे. ती विकत मिळत नाही. बाकीचं जमवता येतं, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी जमवावं लागतं.

तुम्ही साधनांबद्दल विचारलंत, पण त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागेल. वाचनालयात तुम्ही विद्यार्थ्याच्या मागे उभे राहून त्याच्या वहीत डोकावता. त्याने मध्येच हात उचलला, वळण उलटं घेतलं, तर तिथल्या तिथे सांगता. तो पुन्हा लिहितो, तुम्ही मान डोलावता. ऑनलाइन गेल्यावर हे डोकावणं कसं टिकवायचं? मोडी ऐकून येत नाही. हाताला आणि डोळ्याला सवय लागावी लागते. विद्यार्थी करतो, चुकतो, कुणीतरी ती चूक बघतं, सांगतं आणि तो पुन्हा करतो. हा फेरा आठवड्यातून दोनदा नेमाने पूर्ण होत असेल तर तुमचा वर्ग चालला. तो होत नसेल तर वर कितीही सुंदर ॲप असलं तरी उपयोग नाही. म्हणून प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारा. याने मला विद्यार्थ्याची वही लवकर दिसेल का? उत्तर 'नाही' आलं तर ते पहिल्या बॅचसाठी बाजूला ठेवा.

चाळीस व्हिडिओंचंच घ्या. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की नुसते व्हिडिओ ठेवले तर लोक येतात आणि गळतात. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या अभ्यासक्रमांत 2017-18 साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के होते. नावाजलेल्या संस्था, उत्तम चित्रण, हुशार प्राध्यापक, सगळं असून ही गत. अर्थात नाव नोंदवणारा प्रत्येक जण पूर्ण करण्याच्या इराद्याने आलेला नसतो, हे मान्य. तरीही वाट बघणारं, विचारणारं कुणी नसलं की माणूस सुटतो, हे मी माझ्या वर्गांतही पाहिलंय. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. कोणते व्हिडिओ करायचे हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही. वाचनालयातले विद्यार्थी कुठे अडतात ते तुम्हाला ठाऊक आहे, पण नाशिकचा सर्वेअर आणि न्यू जर्सीतल्या आजी कुठे अडतील ते त्यांच्या वह्या बघितल्याशिवाय समजायचं नाही.

एक उदाहरण देते. एका विद्यार्थ्याने गावच्या जमिनीच्या कागदाचं वाचन करून पाठवलं होतं. अक्षरं जवळजवळ सगळी बरोबर ओळखली होती. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ओळ सलग पळते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या ओळीत 'मौजेमजकूर', म्हणजे वर सांगितलेलंच गाव, असं सलग होतं. याने ते तोडलं 'मौजेम जकूर', आणि 'मौजेम' नावाचं गाव नकाशावर शोधत बसला. खाली मला टीप लिहिली, "हे गाव आता अस्तित्वात नाही बहुतेक." त्याच पानावर 'बिन' हा शब्द 'शिवाय' या अर्थाने घेऊन त्याने 'राणोजीशिवाय तुकाराम' असा अर्थ लावला होता. मूळ कागदात 'तुकाराम बिन राणोजी', म्हणजे राणोजीचा मुलगा तुकाराम, एवढंच होतं.

यात लिपीची चूक एकही नाही. अडलं ते शब्दांपाशी. मजकूर, सदरहू, बिन, किता, दरोबस्त, बुद्रुक, खुर्द हे शब्द कानावरून गेलेले नसतील तर सलग ओळ कुठे तोडायची ते डोळ्याला कळत नाही. ही वही पाहिल्यावर मी दुसऱ्या आठवड्यापासूनच दफ्तरी शब्दांची छोटी यादी द्यायला लागले, रोज पाच शब्द, अर्थासकट. अक्षरओळखीचे चाळीस व्हिडिओ आधी करून ठेवले असते तर हा धडा त्यात कुठेच नसता. कारण जुनी मराठी कानावर पडलेल्या माणसाला हे शब्द शिकवावे लागतात असं सुचतच नाही. तुमच्या विद्यार्थ्यांचं अडणं आणखी वेगळं असेल. ते पहिल्या बॅचमध्ये सापडू द्या.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच साचा लागू पडत नाही.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो विद्यार्थी का आलाय यावरून. मोडी शिकायला येणाऱ्यांचे ढोबळ तीन गट मला दिसतात. एक, ज्यांना घरचे कागद वाचायचेत: खरेदीखत, जुनी जन्म-मृत्यूची नोंद, वाटणीपत्र. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या गटात खूप भर पडली. गावोगावच्या दप्तरांतल्या नोंदी मोडीत आहेत आणि वाचणारे थोडे, हे लोकांच्या एकदम लक्षात आलं. दुसरा गट इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर किंवा भारत इतिहास संशोधक मंडळातले कागद त्यांना स्वतः वाचायचे असतात. तिसरा गट लिपीच्या प्रेमाने येतो. त्यांना स्वतःचं नाव, एखादा अभंग देखण्या मोडीत लिहायचा असतो.

पहिल्या गटाला इंग्रज अमदानीतला, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला हात, म्हणजे हस्ताक्षर, आधी हवा. दुसऱ्याला पेशवेकालीन वळणं आणि कालगणना हवी. 'छ' म्हणजे चांद्र तिथी, सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवून इसवी सन काढायचा, सीत-सबा-समान-तिसा ही वर्षांची अरबी नावं, हे त्यांना लवकर लागतं. तिसऱ्याला वाचनापेक्षा लेखन जास्त हवं. तिघांना एका बॅचमध्ये बसवलंत तर प्रत्येकाला दोन तृतीयांश वेळ दुसऱ्याचा वर्ग चालल्यासारखं वाटेल. पहिल्या बॅचसाठी एकच गट निवडा. माझा सल्ला पहिल्या गटाचा, कारण त्यांच्याकडे वाचायचा कागद आधीच असतो आणि तो वाचायची ओढही असते. नाव नोंदवताना एवढंच विचारा: "मोडी आल्यावर पहिला कोणता कागद वाचणार?" ज्याचं उत्तर येईल तो बहुधा टिकतो.

दुसरं अवलंबून आहे विद्यार्थ्याच्या हातातल्या साधनावर. तुमच्याकडे साठी ओलांडलेले बरेच येतील आणि त्यातले निम्मे तरी मोबाइलवरच वर्ग बघतील, असं धरून चला. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर अख्खं पान दाखवलंत तर त्यांना मुंग्यांची रांग दिसेल. एका वेळी दोन ओळी, त्याही मोठ्या, एवढंच दाखवा.

आता प्रत्यक्ष मांडणी. एक लॅपटॉप, एक मोबाइल, मोबाइल आडवा धरून ठेवणारा स्टँड आणि टेबललॅम्प, एवढं पुरतं. लॅपटॉपवरून तुम्ही वर्गात शिरा, त्यावर तुमचा चेहरा आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न. मोबाइल दुसरा सभासद म्हणून त्याच वर्गात आणा आणि त्याचा कॅमेरा वरून कागदावर रोखा. मोबाइलचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर घुमतं. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. टेबलावर चिकटपट्टीने कागदाचे चार कोपरे आखून ठेवा, म्हणजे दर वेळी पान चौकटीत बसवायला धडपड होणार नाही. आणि एक, वर्ग सुरू होण्याआधी नातवाच्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलवर बघा, पान उलटं तर दिसत नाही ना. पुतण्याच्या यादीतली एकच वस्तू मी आत्ता घ्यायला सांगेन. लॅपटॉपचा आवाज खोल येत असेल तर कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. चित्र थोडं धूसर असलं तर लोक चालवून घेतात, आवाज तुटला की कंटाळून जातात.

वर्गासाठी गुगल मीट किंवा झूम, जे तुमच्या विद्यार्थ्यांना येतं ते. फुकटच्या मीटमध्ये तिघे किंवा त्याहून जास्त जण असले की एका तासाची मर्यादा असते, झूममध्ये चाळीस मिनिटांची. फुकटच्या मीटमध्ये वर्ग रेकॉर्ड करता येत नाही. झूममध्ये तो संगणकावर साठवता येतो. हे नियम कंपन्या बदलत असतात, तेव्हा सुरू करायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या. मी तर पन्नास मिनिटांचाच वर्ग आखते. मोडीत डोळे लवकर शिणतात, त्यापुढे नवं काही शिरत नाही.

मूडलबद्दल. मूडल चांगलं आहे, 2002 पासून आहे, मोफत आहे, मोठमोठी विद्यापीठं वापरतात. पण ते कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवावं लागतं, अद्ययावत करावं लागतं आणि दर आठवड्याला "सर, पासवर्ड विसरलो" असे चार फोन घ्यावे लागतात. तो वेळ तुमच्या वह्या तपासण्याच्या वेळातून जाणार. ॲपचंही तेच. दहा जणांना व्हॉट्सॲप पुरतं आणि ते वापरायला कुणाला शिकवावं लागत नाही.

दहाच का, ते सांगते. एक वही नीट बघायला, खूण करायला आणि बोलून पाठवायला पाच-सहा मिनिटं लागतात. दहा जणांची वही म्हणजे जवळपास एक तास. आठवड्याला दोन गृहपाठ म्हणजे दोन तास, शिवाय दोन वर्ग, शिवाय तयारी. एवढं पेलतं. चाळीस जण घेतलेत तर नुसत्या वह्यांनाच आठ तास लागतील. मग दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही 'छान' एवढंच लिहून पाठवायला लागाल आणि डोकावणं संपेल. मागणी जास्त असेल तर पुढच्या बॅचसाठी नावं लिहून घ्या. थांबायला लोक तयार असतात.

वह्या तपासण्याची रीत पहिल्याच दिवशी ठरवून द्या. पानाच्या कोपऱ्यात नाव आणि धड्याचा क्रमांक. पान सपाट ठेवून, खिडकीजवळच्या उजेडात, बरोबर वरून फोटो. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि मोडीचे बारीक फाटे त्यात पुसट होतात, म्हणून फोटो एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तुम्ही त्याच फोटोवर लाल रंगाने दोन, फार तर तीन खुणा करा आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाचा आवाजी निरोप जोडा. दहा चुका असल्या तरी दोनच दाखवा. ज्या सुधारल्यावर बाकीच्या आपोआप कमी होतील त्या निवडा, बहुतेक वेळा हात उचलणं आणि अक्षराची रेघेशी जोडणी. सगळं पान लाल झालं की विद्यार्थी पुढच्या वेळी फोटोच पाठवत नाही. या बाबतीत मोठी माणसं लहान मुलांपेक्षा हळवी असतात. आणि वही आल्यापासून दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. उशीर झाला तर तोवर त्याने तेच चुकीचं वळण शंभर वेळा गिरवलेलं असतं.

व्हॉट्सॲपच्या गटात सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसतात, हेही आधी सांगून ठेवा. ज्यांना ते नको असेल, आणि विशेषतः स्त्रियांमध्ये असे असतात, त्यांना वही थेट तुमच्याकडे पाठवू द्या. त्यांना सूचना पाठवायला ब्रॉडकास्ट लिस्ट चालते, फक्त त्यांनी तुमचा नंबर जतन केलेला हवा. दुसऱ्याची चूक सगळ्यांना दाखवायची असेल तर नाव झाकून, आणि विचारून. लोकांच्या घरच्या कागदांबाबत तर फार जपा. जमिनीच्या जुन्या कागदात भाऊबंदकी दडलेली असते. सरावाला घेताना मालकाची परवानगी घ्या आणि नावं, गट नंबर झाका.

पहिल्या वर्गात काय करायचं? बहुतेक शिक्षक पहिला पूर्ण तास मोडीच्या इतिहासाला देतात. हेमाडपंतांपर्यंत जाणारी परंपरा, यादवकाल, बहमनीकाल, शिवकाल, पेशवेकाल, आंग्लकाल. हे सगळं मला प्रिय आहे, पण पहिल्या तासाला नको. पहिल्या पन्नास मिनिटांत विद्यार्थ्याने काहीतरी स्वतः वाचलं पाहिजे. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्या, कारण मोडीत रेघ आधी आणि अक्षरं मागून. मग देवनागरीशी जवळची पाच-सहा अक्षरं गिरवून घ्या आणि त्याच अक्षरांचे दोन-तीन शब्द एखाद्या खऱ्या कागदातून कापून समोर ठेवा. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाने लिहिलेला शब्द आपण वाचला, हे लक्षात आलं की माणसाचा आवाज बदलतो. तो पुढच्या वर्गाला येणार हे नक्की. इतिहास मग पाच-पाच मिनिटांनी येऊ द्या, ज्या काळाचा कागद हातात असेल त्या काळाचा.

त्यापुढची आखणी मी आठ आठवड्यांची करते. पहिले तीन आठवडे अक्षरं आणि बाराखडी, नंतर दोन आठवडे शब्द, नावं, आकडे, आणि उरलेले तीन आठवडे नुसतं कागदवाचन. ऱ्हस्व-दीर्घ मोडीत वेगळं काढत नाहीत, 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच लिहिले जातात, अर्थ संदर्भावरून लावायचा, हे बाराखडीच्या आठवड्यातच स्पष्ट सांगा. शुद्धलेखनात पक्की असलेली माणसं इथे विनाकारण अडतात.

छापील मोडीचं एक सांगायचं राहिलं. 2014 साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सामायिक संचात, मोडीचा समावेश झाला, फाँटही मिळतात, त्यामुळे सरावपत्रिका टंकित करायचा मोह होतो. करा, पण चित्र किंवा पीडीएफ करून पाठवा. नुसता मजकूर पाठवलात तर पुष्कळ मोबाइलवर चौकोनच दिसतात. आणि तिसऱ्या आठवड्यानंतर फाँट बंद करा. फाँटमधलं अक्षर दर वेळी सारखं असतं, कारकुनाचं कधीच नसतं. पाठ्यपुस्तकाचं पीडीएफ करून गटात फिरवू नका. पुस्तक विकत घ्यायला सांगा, मोडीवर लिहिणाऱ्यांची पुस्तकं आधीच थोडी खपतात.

वेळ ठरवताना परदेशी विद्यार्थ्यांचा हिशोब घालावा लागेल. भारतातले संध्याकाळचे साडेसात म्हणजे लंडनला दुपारचे दोन किंवा तीन, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ किंवा दहा. शनिवार-रविवारी ही वेळ तिन्ही ठिकाणी चालते. कॅलिफोर्नियात मात्र तेव्हा पहाटेचे सहा किंवा सात असतात. 'किंवा' म्हणण्याचं कारण तिकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एका तासाने सरकतात, आणि अमेरिका-ब्रिटन एकाच दिवशी सरकवत नाहीत. म्हणून सगळीकडे भारतीय वेळच लिहा आणि त्या आठवड्यांत आदल्या दिवशी आठवण करा. वीज आणि नेटचंही आधीच ठरवून टाका. वर्गाचा कागद सकाळीच गटात पाठवलेला असावा. तुमच्याकडची वीज गेली तर पंधरा मिनिटं वाट पाहायची, नाहीतर त्या कागदाच्या पहिल्या दोन ओळी प्रत्येकाने वाचून आवाजात पाठवायच्या. असा नियम असला की वर्ग वाया जात नाही आणि तुमचा जीवही टांगणीला लागत नाही.

फीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घ्या. फार नको, पण वह्या तपासायचा कंटाळा येणार नाही इतकी तरी. फुकटच्या वर्गाला तीस नावं येतात आणि चौथ्या आठवड्यात सात उरतात, तेव्हा उरलेल्यांचाही हुरूप जातो. ज्याला खरंच परवडत नाही त्याला खाजगीत माफ करा. पैसे यूपीआयने. परदेशातल्यांचे बहुतेक वेळा इथले आईवडील किंवा भाऊ भरतात. थेट परदेशातून रक्कम यायला लागली तर एकदा सीएंना विचारून घ्या. प्रमाणपत्र द्यायचं तर त्यावर 'वर्ग पूर्ण केला' एवढंच लिहा. मोडी लिपीची सरकारी परीक्षा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडून होते. तुमचं प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही, हे नाव नोंदवतानाच सांगा. काही जण कामासाठी, भाषांतराच्या आशेने येतात आणि नंतर त्यांचा विरस होतो.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: एकाच गरजेचे दहा विद्यार्थी, आठवड्याला दोन थेट वर्ग, दोन वह्या, दोन दिवसांत उत्तर, आणि घरात आहे तेवढ्यात चालणारी साधनं.

मग व्हिडिओ कधीच नकोत का? हवेत, पण पहिल्या बॅचनंतर, आणि नेमक्या जागी. अक्षराचं वळण दर बॅचला तेच असतं. ते तुम्ही दहाव्यांदा दाखवताना विद्यार्थ्याला नवं काही मिळत नाही. ते चित्रित करा, एका व्हिडिओत एकच अक्षरगट, वरून, हात आणि कागद एवढंच. छोटे ठेवा. 2014 साली एडएक्सच्या चार अभ्यासक्रमांतले जवळपास 69 लाख वेळा बघितले गेलेले व्हिडिओ तपासून काही संशोधकांनी दाखवलं होतं, की सहा मिनिटांपलीकडे बघणाऱ्यांचं लक्ष झपाट्याने उतरतं. अक्षर गिरवायला तर तीन-चार मिनिटं पुरतात. ते यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (दुवा असेल त्यालाच दिसतील असे) ठेवून दुवा गटात टाकलात की थेट वर्गातला तेवढा वेळ वाचनाला मोकळा होतो. कागदवाचनाचे व्हिडिओ मात्र मी करत नाही. कागद वाचताना अंदाज कसा बांधायचा, तो चुकला तर मागे कसं यायचं, शेजारच्या ओळीत तेच अक्षर शोधून खात्री कशी करायची, हे दहा जणांनी मिळून अडखळत करण्यातच शिकलं जातं. एकाला 'सरकारात' दिसतं, दुसऱ्याला 'सरकारास', दोघं आपापली कारणं देतात, आणि तुम्ही लगेच उत्तर सांगत नाही. त्या दोन-तीन मिनिटांत जे घडतं त्यासाठीच ऑनलाइन वर्ग घ्यायचा.

पहिली बॅच संपताना एक काम नक्की करा. शेवटच्या वर्गाच्या आधी प्रत्येकाला आधी न पाहिलेला, सोप्या हाताचा पाच ओळींचा कागद द्या आणि विचारू नका, शोधू नका, वाचाल तेवढं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहून पाठवा म्हणा. न लागलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारायची. दहा पानं शेजारी शेजारी ठेवून कोणत्या शब्दांखाली सगळ्यांच्या रेघा आल्यात ते बघा. आठ जणांच्या रेघा आकड्यांखाली असतील तर दुसऱ्या बॅचमध्ये आकड्यांना अर्धा आठवडा जास्त द्या. जोडाक्षरांखाली असतील तर पहिला व्हिडिओ जोडाक्षरांचा करा. कॅमेऱ्यावर खर्च करायचा की नाही तेही तेव्हा ठरवा: विद्यार्थ्यांना तुमचं अक्षर नीट दिसलं नाही म्हणून ते चुकले असतील तर कॅमेरा घ्या. तसं नसेल तर ते पैसे चांगल्या कागदांच्या छायाप्रतींवर घाला. पुराभिलेखागारातून रीतसर मिळवलेल्या पाच-पंचवीस वेगवेगळ्या हातांच्या प्रती तुमच्याकडे असल्या तर त्यावर पुढच्या कित्येक बॅच चालतील.